खरवडलेली जागा

गाडी तिसऱ्यांदा परत आली, आणि तीही स्वतःच्या पायांनी आली, हीच खरी पंचाईत होती. ढकलत आणली असती तर निदान काही शोधता आलं असतं. चालत्या गाडीत न चालण्याचं कारण शोधायचं म्हणजे खळखळून हसणाऱ्या माणसाला ‘का रे रडतोस’ म्हणून विचारायचं.

नर्सबाई उतरल्या, इंजिन बंद केलं, किल्ली काढली, पुन्हा घातली आणि अंगठ्यानं बटण दाबलं. गाडी पहिल्या दमात सुरू झाली.

“बघितलंस? सासरी रुसून बसते आणि माहेरी आली की खुदूखुदू हसते. लोक म्हणतील, मीच हिला छळते.”

“कोणी नाही म्हणत,” हातातला पाना खाली ठेवत ती म्हणाली. “मला पुन्हा पहिल्यापासून सांगा. मागच्या दोन वेळी सांगितलं होतं, तेसुद्धा.”

गॅरेज तिच्या सासऱ्यांचं. लांबट, बोळासारखी खोली. पुढे रस्ता, मागे एक उंच खिडकी, आणि वरच्या मजल्यावर घर. सासऱ्यांना सगळे मिस्त्री म्हणत. ती नऊ वर्षांपूर्वी या घरात आली तेव्हा पदार्थविज्ञानाची पदवी आणि एका शाळेची नोकरी घेऊन आली होती. शाळा बंद पडली. मग आधी नोंदवही लिहायला म्हणून ती खाली उतरली, पुढे कार्बोरेटर धुवायला लागली, आणि आता दहातली सात कामं तिच्या हातची असत. मिस्त्री तिला मास्तरीण म्हणत. सुरुवातीला टोमणा म्हणून; आता टोमणा झिजून नुसतं नाव उरलं होतं.

“सकाळी सहाला निघते मी,” नर्सबाई सांगू लागल्या. “बटण दाबलं की नुसतं टक्. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. दिवे मिणमिणतात. मग ढकलत नेते. गल्लीच्या तोंडाशी खड्डा आहे, तिथपर्यंत जीव मेटाकुटीला येतो, आणि तिथं एकदम सुरू! मग चार दिवस सुतासारखी सरळ. पाचव्या दिवशी परत टक्.”

“फक्त सकाळीच?”

“सकाळी जास्त. पण परवा एका आजोबांची जखम धुवायला गेले होते. तास मोडला. बाहेर येऊन बघते, तर टक्. आणि त्यांच्यानंतरची बाई इन्शुलिनची. ती बिचारी ताट पुढ्यात घेऊन माझी वाट बघतेय, आणि मी गल्लीत गाडीच्या गळ्यात पडून उभी.” नर्सबाईंनी हेल्मेट सीटवर ठेवलं. “थट्टा सोड. हिला किक नाही. बटण चाललं नाही तर ही गाडी नाही, नुसतं धूड आहे.”

मागे खिडकीखाली मिस्त्री बुटक्या स्टुलावर बसून डब्यातले नट निवडत होते. त्यांनी मान वर केली.

“कोणाची गाडी?”

“नर्सबाईंची, बाबा. आपणच तर केली होती, तीन महिन्यांपूर्वी.”

“हो, हो,” मिस्त्री म्हणाले. पण ते ‘हो’ आठवलेलं नव्हतं, नुसतं दिलेलं होतं. नर्सबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

तीन महिन्यांपूर्वी ही गाडी पार गंजून आली होती. सगळी खोलून, चेसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, घासून तिनं स्प्रेनं रंगवली. मग वायरिंग आणि नवी बॅटरी मिस्त्रींनी बसवली. शेवटची साफसफाई तिची. गाडी गेली तेव्हा नर्सबाई म्हणाल्या होत्या, हिच्यावर बसायला जीव होत नाही, काचेच्या कपाटात ठेवावीशी वाटते. तीन आठवड्यांनी पहिली तक्रार आली.

*

दुपारी जेवताना नवऱ्यानं विषय काढला. तो पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात होता. दुपारी घरी येऊन जेवण्याइतकं ते जवळ होतं.

“खाली तीच गाडी दिसली.”

“हं.”

“वायरिंग बाबांनी केलं होतं ना?”

तिनं त्याच्या ताटात भात वाढला. तो हळू आवाजात बोलत होता, कारण आतल्या खोलीत मिस्त्री पडले होते. “हे बघ, मला काही हौस नाही. पण उन्हाळ्यात ते ऑइलचा नट आवळायला विसरले. रस्ताभर ऑइल. कोणी घसरलं नाही, नशीब. आता ही गाडी. तिसऱ्यांदा. एक दिवस ब्रेकचा नट राहील, मग आपण कोणाला तोंड दाखवायचं?”

नटाची गोष्ट खरी होती. तिनंच ते ऑइल भुसा टाकून उचललं होतं.

“ताई रविवारी येतेय,” तो म्हणाला. “तिच्याकडे जाऊ देत. सातवा मजला आहे, मोकळी हवा आहे, दिवसभर तिच्या नजरेसमोर राहतील. इथं राहिले तर खाली उतरल्याशिवाय राहणार नाहीत.”

“मागच्या वेळी पंधरा दिवस राहिले तर त्यांना बाथरूमचं दार सापडत नव्हतं.”

“नवी जागा होती.”

“तेच म्हणतेय मी. इथं डोळे मिटून चौदाचा पाना सापडतो त्यांना.”

“पाना सापडतो गं. पण तो कुठल्या नटाला लावला होता, ते सापडत नाही.” मग पाण्याचा घोट घेऊन, “दोष दुसऱ्या कशात निघाला, तर मी एक शब्द बोलणार नाही. पण त्यांच्याच कामात निघाला, तर रविवारी तू आडवी येऊ नकोस. ठरलं?”

वाक्य चुकीचं नव्हतं. तिला ते प्रयोगाच्या अटीसारखं वाटलं: निष्कर्ष आधी ठरवायचा नाही, पण जो निघेल तो मान्य करायचा. “ठरलं,” ती म्हणाली.

आतून खोकल्याचा आवाज आला. मग मिस्त्रींचा. “माझी बदली व्हायची आहे म्हणे. बढती आहे की शिक्षा, तेवढं विचारून ठेवा.”

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. हसू दोघांनाही आलं, पण ते दोघांनीही ताटातच संपवलं.

*

गुरुवारी तिनं गाडी मेन स्टँडवर चढवली आणि वही उघडली. बंद-चालू होणाऱ्या बिघाडाशी घाई करून चालत नाही. तो लपाछपी खेळणाऱ्या मुलासारखा असतो. आपण एका कोपऱ्यात धावलो की तो दुसऱ्या कोपऱ्यातून टुक् करतो. त्यापेक्षा एकेक कोपरा कायमचा बंद करत यावं.

पहिला कोपरा बॅटरीचा. मीटरच्या दोन्ही काड्या टोकांना लावल्या: बारा पूर्णांक सहा. भरलेली. बटण दाबल्यावर दहा पूर्णांक आठ, आणि गाडी सुरू. उत्तम. इंजिन चालू असताना चौदाच्या वर. म्हणजे चार्जिंगही चोख. मग किल्ली काढून घेतल्यावर गाडी झोपेत करंट पिते का, ते पाहिलं. बारीकशीसुद्धा गळती नव्हती. फ्यूज काढून पुन्हा बसवले. स्टार्टरचा रिले, म्हणजे बटणाचा हुकूम ऐकून मोटरला करंट सोडणारी डबी, वीस वेळा बटण दाबून तपासली. वीस वेळा गाडी सुरू झाली. प्रत्येक ओळीपुढे ती ‘ठीक’ लिहीत गेली, आणि प्रत्येक ‘ठीक’बरोबर तिचा जीव थोडा खाली जात राहिला. बॅटरी नाही, चार्जिंग नाही, रिले नाही, तर मग उरतं काय? जोडण्या. आणि जोडण्या कोणाच्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मिस्त्री केव्हा शेजारी येऊन उकिडवे बसले ते तिला कळलं नाही. त्यांनी सीटखाली हात घातला आणि बॅटरीमागे, चेसीच्या नळीवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

“खरवडलेलं कुठं गेलं?”

“काय बाबा?”

“इथं खरवडलेलं असतं. माझं. हे गुळगुळीत लागतंय.”

सकाळी त्यांनी तिला विचारलं होतं, तुझी सासू अजून बाजारातून आली नाही का. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हा या प्रश्नाचंही तिनं तेच केलं जे सकाळच्या प्रश्नाचं केलं होतं: आवाज मऊ केला, त्यांचा हात अलगद बाहेर काढला, बोटांना लागलेली धूळ चिंधीनं पुसली.

“बसा तिथं स्टुलावर. मी चहा आणते.”

चहा घेऊन ती आली तेव्हा ते पुन्हा नट निवडत होते.

संध्याकाळी गाडी न्यायला नर्सबाई आल्या. तिनं सरळ सांगितलं, “मला काही सापडलं नाही.”

“म्हणजे पुन्हा मी आणि माझा खड्डा.”

“नाही. उद्या सकाळी मीच तुमच्याकडे येते. साडेपाचला. मी येईपर्यंत गाडीला हात लावू नका, हलवूसुद्धा नका. रात्री नेहमी उभी करता तशीच करून ठेवा.”

नर्सबाईंना हे लगेच पटलं. “शहाणी आहेस. मीही तेच म्हणते. माणूस दवाखान्यात येतो तो भांग पाडून येतो. घरी गेल्यावर कळतं, उशाला काय ठेवलंय ते.”

“हे मिस्त्रींचंच आहे,” ती म्हणाली. “त्यांनी शिकवलंय. जिथं रुसते तिथं जाऊन बघ म्हणतात.”

नर्सबाईंनी मागे स्टुलाकडे पाहिलं. मिस्त्री एक नट डोळ्यासमोर धरून त्यातून खिडकीकडे बघत होते.

*

शुक्रवारी उजाडता उजाडता ती हत्यारांची पिशवी घेऊन गेली. नर्सबाईंची गल्ली चढाची होती. गाडी दाराशी साइड स्टँडवर, डाव्या अंगावर कलून उभी होती. उतारामुळे आणखीच कललेली. तिला पहिल्या नजरेत जाणवलं ते हेच. गॅरेजमध्ये गाडी येते ती धक्के खात येते, आणि आली की मेन स्टँडवर ताठ उभी राहते. इथं ती रात्रभर एका कुशीवर पडलेली असते.

तिनं स्पर्श न करता आधी सगळीकडून पाहिलं. मग किल्ली फिरवली, बटण दाबलं.

टक्.

इतकी सुंदर, इतकी स्वच्छ ‘टक्’ तिनं आयुष्यात ऐकली नव्हती. “लागली नाही!” ती इतक्या आनंदानं ओरडली की नर्सबाई दात घासता घासता दारात आल्या.

“अगं, गल्ली जागी करशील. मुलगा झाल्यासारखी काय ओरडतेस!”

सीट काढली. बॅटरीवर मीटर: बारा पूर्णांक सहा. बटण दाबलं: टक्. मीटरवरचा आकडा जागचा हलला नाही म्हणावं इतकाच हलला. म्हणजे बॅटरी थकलेली नाही. तिच्याकडून कोणी काही घेतच नाही. तिजोरी भरलेली आणि दार अडकलेलं. मग तिनं एक काडी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवली आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. करंट परत येतो तो याच वाटेनं, चेसीतून एका जाड काळ्या वायरीमार्गे बॅटरीत. ही वाट नीट असेल तर मीटरनं शून्याच्या आसपास राहायला हवं. तिनं बटण दाबलं. नऊ पूर्णांक सात.

बॅटरीतला बहुतेक सगळा जोर त्या परतीच्या वाटेवर कुठंतरी वाया जात होता.

तिनं वाकून पाहिलं. बॅटरी आपल्या खोक्यात डावीकडे सरकली होती; खोकं मोठं आणि बॅटरी अरुंद, म्हणून बोटभर जागा मोकळी. सरकताना तिनं काळी वायर ताणली होती. त्या वायरीची कडी चेसीला बोल्टनं आवळलेली असते, ती ताणानं किंचित वळली होती. बोल्ट घट्ट होता. तिनं तो खोलला, कडी बाजूला केली आणि विजेरी धरली.

कडीखालची जागा काळीभोर, चकचकीत, गुळगुळीत होती. रंगवलेली.

रंग म्हणजे वीज अडवणारा पडदा. शाळेत ती हे सातवीच्या मुलांना शिकवत असे. करंट कसाबसा बोल्टच्या आट्यांमधून जात होता, आणि कडी वळली की तेवढाही नाही. गाडी सरळ होऊन खड्ड्यात आदळली की बॅटरी जागेवर, कडी जागेवर, आणि बाईसाहेब सुरू.

तर मिस्त्रींनी रंग न खरवडताच कडी बसवली. रविवार ठरला, असं तिला वाटलं.

पण रंग चेसीच्या इतर रंगासारखा नव्हता. स्प्रेचा रंग धुक्यासारखा बसतो. इथं बारीक रेघा होत्या, आणि एका रेघेत अडकलेला, वाळून चिकटलेला एक तपकिरी केस. ब्रशचा केस.

तो ब्रश तिच्या ओळखीचा होता. शाळेच्या प्रयोगशाळेत ती त्याच ब्रशनं बाटल्यांवर नावं लिहायची. शाळा बंद झाली तेव्हा आठवण म्हणून घरी आणला होता. आता रंगावरचे ओरखडे बुजवायला वापरायची. त्याला दुसरं कोणी हात लावत नसे.

मग सगळं आठवलं. विसरलेलं होतं असंही नाही. कधी मोजलंच नव्हतं. गाडी द्यायच्या आदल्या दिवशी तिनं शेवटची साफसफाई केली. नव्याकोऱ्या काळ्या चेसीवर बॅटरीमागे रुपयाएवढी जागा चाकूनं बोचकारलेली, त्यावर ग्रीसचा गोळा, आणि बॅटरीच्या बाजूला दोनदा दुमडून कोंबलेला टायरच्या जुन्या ट्यूबचा तेलकट तुकडा. तिला ते बघवेना. बाबांचा हात आता असाच झालाय, असं वाटलं. थोडी कीवही आली. तिनं ट्यूब काढून टाकली, बोल्ट खोलला, जागा थिनरनं पुसली, ब्रशचे दोन हात मारले, वाळू दिलं आणि बोल्ट आवळला. चांगला घट्ट. नट आवळण्यात तिची कधी चूक होत नसे.

पिशवीत मिस्त्रींचा जुना चाकू होता. तिनं आधी रंगाचा तो पापुद्रा केसासकट अलगद सोडवला आणि वहीच्या कागदात घडी घालून ठेवला. का ठेवला ते तिलाही सांगता आलं नसतं, सवय. मग ती जागा खरवडली, धातू पांढरा होईपर्यंत. बोल्ट आवळला, ग्रीस लावलं. बॅटरीच्या बाजूला तात्पुरती चिंधी कोंबली. गाडी पुन्हा तशीच कलती ठेवून बटण दाबलं. सुरू. दहा वेळा दाबलं, दहा वेळा सुरू.

“काय होतं गं?” नर्सबाई बॅग घेऊन बाहेर आल्या.

“अर्थिंगला कॉन्टॅक्ट नव्हता. वायर चेसीला लागते तिथं.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं.

“म्हणजे वायरिंगचंच,” नर्सबाई हळूच म्हणाल्या. “मिस्त्रींना काही बोलू नकोस हं. वय झालं. सगळ्यांचंच होतं.”

तिनं तोंड उघडलं. पण नर्सबाईंना इन्शुलिनवालीकडे पोचायचं होतं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. खड्ड्यात आदळली तेव्हा एकदा खडखडली, एवढंच.

*

शनिवारी दिवसभर ती एका स्कूटरचं काम करत होती आणि करत नव्हती. नवऱ्यानं विचारलं तेव्हाही ती म्हणाली, “अर्थिंग.” त्यानं मान हलवली. तो जिंकल्यासारखा दिसला नाही, उलट जिना चढताना दमल्यासारखा दिसला. वरून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बॅग ओढल्याचा.

मिस्त्रींचा दिवस चांगला होता. त्यांनी स्वतःहून विचारलं, “नर्सबाईंची लागली का?”

“लागली.”

“खरवडलंस?”

तिच्या हातातला पाना थांबला. “हो.”

“बरं केलंस.” ते डब्यातून वॉशर वेगळे काढत होते, मोठे एका मुठीत, लहान दुसऱ्या. “मला वाटलंच, तू पुसलं असशील. तुझं काम स्वच्छ असतं.”

“तुम्हाला कळलं होतं? मग बोलला का नाहीत?”

“बोललो की. तू चहा आणायला गेलीस.”

त्यात राग नव्हता. म्हणूनच ते तिला सोसवेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर संन्यासी चोराला वॉशर निवडून देत होता.

“बाबा, उद्या ताई येतायत.”

“माहीत आहे. माझी बॅग भरतोय तो वर. स्वेटर टाक म्हणावं. सातव्या मजल्यावर वारा असतो.”

*

रविवारी दुपारी नणंद आली. दमलेली, मनानं चांगली आणि थोडी मोठ्या आवाजाची; बापाची पिशवी, बापाची औषधं, बापाची खोली, सगळं तिनं मनात लावून ठेवलेलं. चौघं वरच्या खोलीत बसले. नवऱ्यानं फार न लांबवता सांगितलं: उन्हाळ्यातला नट, आणि आता ही गाडी.

“गाडीचा दोष माझा आहे,” ती म्हणाली.

नवऱ्यानं वळून तिच्याकडे पाहिलं.

“बाबांनी जागा खरवडली होती. बॅटरी सरकू नये म्हणून ट्यूब दुमडून लावली होती. मला ते घाण दिसलं. मी ट्यूब फेकली आणि त्या जागेवर रंग दिला.”

नणंदेनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “अगं, कळतं मला. तुझा जीव आहे त्यांच्यावर. पण असं पांघरूण घालून काय होणार?”

“पांघरूण नाही हो ताई.”

“तू शिकलेली, तू असली चूक करशील?” नवरा म्हणाला. “रंगातून वीज जात नाही हे मला कळतं, तर तुला कळत नाही?”

“कळतं. शाळेत शिकवत होते तेव्हापासून कळतं. त्या दिवशी मी फक्त स्वच्छ करत होते.”

ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि तिच्या लक्षात आलं की तिच्यावर कोणी विश्वासच ठेवत नाहीये. खोटं पचवायला कष्ट पडतात असं तिनं ऐकलं होतं. खरं गळी उतरवायला इतके पडतील असं वाटलं नव्हतं. ती उठली, वहीतला कागद आणि कपाटातला ब्रश घेऊन आली. कागदाची घडी चटईवर उघडली. रंगाचा पापुद्रा, त्याच्या खालच्या अंगाला खरवडलेल्या खाचांचा ठसा उलटा उमटलेला, आणि वरच्या बाजूला तो केस.

“हा ठसा बाबांच्या चाकूचा. म्हणजे रंग द्यायच्या आधीच जागा खरवडलेली होती. आणि केस या ब्रशचा.” तिनं ब्रश त्याच्या शेजारी ठेवला. “हा ब्रश त्यांच्या हातात कधी पाहिलाय? मी कोणाला हात लावू देते का याला?”

नवरा वाकला. बराच वेळ बघत राहिला. त्यानं एकदा तो ब्रश न विचारता बुटाच्या पॉलिशला घेतला होता आणि आठवडाभर ऐकून घेतलं होतं.

“नाही,” तो म्हणाला.

“नर्सबाईंना सकाळी फोन करून सांगितलं मी. आता तुम्हाला. परवाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.” तिनं कागदाची घडी पुन्हा घातली. “उन्हाळ्यातला नट मात्र त्यांचाच होता. ते मी नाकारत नाही.”

नणंद बॅगेकडे बघत होती. मग भिंतीला टेकून बसलेले मिस्त्री म्हणाले, “म्हणजे मग हिलाच पाठवा सातव्या मजल्यावर.”

आधी नणंद हसली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. “बाबा, तुम्ही म्हणजे ना!”

“स्वेटर माझा आहे, तेवढा काढून घ्या.”

पुढचं बोलणं तासभर चाललं आणि सगळं गोड नव्हतं. नवऱ्याची भीती खरी होती, आणि तिनं ती खोटी ठरवायचा प्रयत्न केला नाही. शेवटी ठरलं ते एवढंच: ब्रेक आणि ऑइलचे नट मिस्त्री आवळणार नाहीत. बाकी जे ते आवळतील ते ती बघेल, आणि जे ती पुसेल ते, पुसण्याआधी, ते बघतील. दिवाळखोरीतल्या तडजोडीसारखं वाटतंय, असं नवरा म्हणाला. सहा महिन्यांनी पुन्हा बसायचं. नणंद रिकाम्या हातानं निघाली. जिन्यात तिनं भावजयीच्या पाठीवर एक धपाटा घातला, तो कौतुकाचा होता की रागाचा ते तिनं सांगितलं नाही.

*

सोमवारी नर्सबाई आपल्या फेरीतून वाट वाकडी करून आल्या. चिंधी काढून कायमचं काही लावायचं होतं. “काय गं मास्तरीण,” त्या म्हणाल्या, “मी त्या दिवशी मिस्त्रींचं वय काढलं आणि तू ऐकून घेतलंस! थांब, तुझी पाळी आली की जाड सुई वापरते.”

“वापरा,” ती म्हणाली.

मिस्त्री स्टुलावरून उठून आले. “कोणाची गाडी?”

“नर्सबाईंची, बाबा.”

“हो, हो.” तेच नुसतं दिलेलं ‘हो’. नर्सबाईंनी या वेळी नजर वळवली नाही.

तिनं सीट काढली आणि बाजूला सरकली. मिस्त्री उकिडवे बसले, हात आत घातला. अंगठा नळीवरून फिरला आणि एका जागी थांबला.

“हां,” ते म्हणाले. “खरवडलंय.”

मग कोपऱ्यातल्या ढिगातून त्यांनी न बघता एक जुनी ट्यूब ओढली, पट्टी कापली, दोनदा दुमडली आणि बॅटरीच्या बाजूला अंगठ्यानं दाबत दाबत बसवली. बॅटरी हलवून पाहिली, हलली नाही. उठताना तोल सावरायला त्यांनी चेसीवर हात टेकला. काळ्या चकचकीत रंगावर ग्रीसची चार बोटं उमटली.

तिचा हात आपोआप चिंधीकडे गेला. चिंधी उचलली, क्षणभर हातात धरली, आणि तिनं आपलेच हात पुसले.